नुसती आंघोळ

भाद्रपद लागला की इथे भोपाळला, आमच्या साकेत नगरात सकाळी एक वेगळंच ऊन पडतं. पावसाने धुतलेलं, पण चटके देणारं. त्या उन्हात गॅलरीत बसून मी महालक्ष्म्यांचे पितळी मुखवटे चिंच लावून घासते, आणि दरवर्षी नेमकी त्याच वेळी मुखवटा खाली ठेवून आत जाऊन पडते. दहा वर्षं झाली याला. सणाची लगबग असते, त्यामुळे फारसं कोणाच्या लक्षात येत नाही. आमचे विलास म्हणतात, "एकदा बीपी दाखवून ये." बीपी नाही हो ते. काय आहे ते मला पक्कं माहीत आहे.

आमच्या सासूबाई नागपूरकडच्या. त्यांचे सासरे सरकारी कचेरीबरोबर भोपाळला आले. राज्यांची वाटणी झाली तेव्हा फायली आल्या, टेबलं आली आणि त्या टेबलांमागे बसणारी मराठी माणसंही आली, तसे. मी पुण्याची. लग्न होऊन इथे आले तेव्हा सासूबाईंची मराठी ऐकून मला हसू यायचं. "नल आला का गं?" "काय करून राहिलीस?" "जवाहर चौकातून भाजी आण, आणि मोलभाव कर, गप नको राहू." मी त्यांना आईच म्हणत असे, पण पहिली दोन वर्षं त्यांच्या बोलण्याच्या नकला माहेरी करून दाखवायची. हा माझा स्वभावच. समोरच्याचं मला आधी हसू येतं आणि किंमत फार उशिरा कळते.

कोणी गेल्याची बातमी आली की सासूबाई आधी विचारायच्या, "कोण?" मग थोडं थांबून विचारायच्या, "आपल्याला काय येतं?" म्हणजे सुतक किती येतं. कोणाचे दहा दिवस, कोणाचे तीन, कोणाचा दीड. आणि नातं लांबचं असेल तर त्या म्हणायच्या, "आपल्याला नुसती आंघोळ." मग न्हाणीत जाऊन डोक्यावरून दोन तांबे पाणी घ्यायच्या, केस पंच्यात गुंडाळून बाहेर यायच्या आणि पुन्हा शेंगा सोलायला बसायच्या. मला तेव्हा हे फार गमतीचं वाटे. माणूस अख्खा गेला आणि यांचं दोन तांब्यांत भागलं! मी एकदा तसं बोलूनही दाखवलं. "आई, केस वाळले की संपला का तो माणूस?" त्यांनी माझ्याकडे बघितलं नि म्हणाल्या, "तुमच्या पुण्यात काय ड्रायरने वाळवतात का?" जाऊबाईंसमोर माझी चांगलीच जिरली.

पाण्याचं त्यांना वेड होतं म्हटलं तरी चालेल. सोवळ्याचा हंडा वेगळा, त्याला आमचा हात लागायचा नाही. आंघोळ करताना त्या साती नद्यांची नावं घ्यायच्या, आणि नळाला तर कोलार धरणाचं पाणी. मी आतून ओरडायची, "आई, गंगा येत नाही हो इथे, महानगरपालिका येते." पुढे नर्मदेची पाइपलाइन झाली आणि आमच्या नळाला खरोखरच नर्मदा आली. त्या दिवशी त्यांनी नळाला हळदकुंकू लावलं. "लोक पायी परिक्रमा करतात तिची," म्हणाल्या, "आणि ती बघ, आपणहून माझ्या बादलीत आली." नळाच्या तोटीवरचं ते हळदकुंकू मी दुसऱ्याच दिवशी ब्रशने घासून काढलं. डाग पडतो म्हणून.

त्यांना एकच बहीण, धाकटी. कुसुममावशी. बैतूलला दिलेली. भोपाळहून रेल्वेने चार तास. मावशी आमच्याकडे वर्षातून एकदा यायच्या, आणि खोटं कशाला बोलू (बोलले तेवढं पुरे झालं), मला त्या आवडत नसत. त्या आल्या की दोघी बहिणी दिवसभर पलंगावर बसून खुसखुसायच्या, आणि मी चहाचे कप उचलत फिरायची. माझी पुरणपोळी मोडून बघायच्या नि म्हणायच्या, "ताई, पुण्याची पोळी जरा पापडासारखीच असते, नाही?" सासूबाई हसायच्या. मला ते हसणं लागायचं. सासूबाई एरवी एवढ्या मोकळ्या कधी हसत नसत.

त्या वर्षी सासूबाईंनी महालक्ष्म्या माझ्या हाती दिल्या. श्रावणातच म्हणाल्या, "यंदापासून तू बघ. मी नुसती बसून वाती करीन." मला काय आनंद झाला म्हणून सांगू! पंचवीस वर्षं मी त्या घरात वाटण वाटणारी होते, त्या वर्षी पहिल्यांदा पूजा माझी होती. मी चौक बाजारातून दोघी देवींना जरीच्या साड्या आणल्या. शेजारी, विलासच्या ऑफिसची मंडळी, मी नोकरी करायची त्या शाळेतल्या मैत्रिणी मिळून चाळीस माणसं जेवायला सांगितली. सोळा भाज्यांची यादी फ्रिजवर चिकटवली. पहिल्या दिवशी ज्येष्ठा-कनिष्ठा घरात आल्या, मी तांदळाच्या पिठाची पावलं काढली, आणि शेजारच्या शुक्लाकाकू म्हणाल्या, "भाभी, इस बार तो अलग ही रौनक है." मी रात्री झोपताना ते वाक्य दोनदा मनात म्हटलं.

दुसरा दिवस पूजेचा. पहाटे पाचला मी आंघोळ केली, केस न भिजवता, कारण दिवसभर चुलीपुढे ओले केस घेऊन कोण उभं राहणार. विलास केळीची पानं आणायला गेले. सासूबाई देवापुढे बसून कापसाची वस्त्रं करत होत्या. कढईत पुरण रटरटत होतं, घरभर वेलदोड्याचा वास. सात वाजता माझा मोबाइल वाजला. बैतूलहून अनिलचा फोन, मावशींचा मुलगा.

"वहिनी, आई गेली. रात्री तीन वाजता. अचानक झालं एकदम. मावशीला फोनवर ऐकू येत नाही म्हणून तुम्हाला केला. तुम्ही लोक निघा. आम्ही दुपारपर्यंत बॉडी ठेवतो."

मी फोन घेऊन मागच्या बाल्कनीत आले. मला रडू आलं नाही. माझ्या डोळ्यापुढे आधी ती कढई आली, मग चाळीस माणसं आली. काही वर्षांपूर्वी विलासचे चुलते ऐन महालक्ष्म्यांच्या आदल्या दिवशी गेले होते. तेव्हा सासूबाईंनी करून ठेवलेलं सगळं गाईला घातलं होतं आणि मुखवटे पेटीतून बाहेरसुद्धा काढले नव्हते. दहा दिवस घरात देवाला पाणी नाही, दिवा नाही. ते सगळं मला एका क्षणात आठवलं. माझं पहिलं वर्ष! आणि मग दुसरी एक गोष्ट आठवली, ती माहेरी लहानपणापासून ऐकलेली. सुतक कळल्यापासून लागतं. कानावरच आलं नाही तर लागत नाही. कितीतरी घरांत लग्नकार्याच्या वेळी म्हाताऱ्यांपासून फोन लपवतात ते यासाठीच. मग मी पण नाही सांगितलं तर? एक दिवस. फक्त उद्या संध्याकाळपर्यंत.

"अनिल," मी म्हटलं, आणि माझा आवाज इतका सरळ निघाला की मलाच आश्चर्य वाटलं. "आईंना बरं नाही रे. पाय सुजलेत, उठवतच नाही. त्यांना प्रवास झेपायचा नाही. तुम्ही थांबू नका, उरकून घ्या."

त्याने नुसतं "बरं" म्हटलं. मग म्हणाला, "आणि विलासदादा?"

"त्यांना मी सांगते."

नाही सांगितलं. विलास पानांचा भारा घेऊन आले, तेव्हा मी म्हटलं, "किती उशीर! आता पुसा ती." विलासना खोटं बोलता येत नाही. त्यांना सांगितलं असतं तर ते बूट न काढता आईपुढे जाऊन उभे राहिले असते.

पण मी तर ऐकलं होतं ना! म्हणजे मला लागलंच होतं, जे काय लागतं ते. त्या हातांनी नैवेद्य कसा करायचा? मला भीती वाटली, आणि त्या भीतीत मी जे केलं ते आजही आठवलं की मान खाली जाते. मी न्हाणीत गेले, दार लावलं, आणि डोक्यावरून भडाभडा तीन तांबे पाणी घेतलं. कुसुममावशींसाठी नाही, पूजेला विटाळ नको म्हणून. माझ्यापुरती मी शुद्ध होऊन बाहेर आले. ज्या बाईची बहीण गेली होती ती तिकडे देवापुढे कापूस पिंजत बसली होती.

"अगं, केस का ओले?" सासूबाईंनी विचारलंच.

"अंबील सांडली डोक्यावर. पातेलं उतरवताना."

"मग शिकेकाई लावायची होतीस, वास राहतो ताकाचा. आणि पंखा लाव आधी. सर्दी होईल सणासुदीची." त्यांनी स्वतः उठून पंखा लावला. पुरण गार होईल म्हणून एरवी त्या स्वयंपाकघरातला पंखा कोणाला लावू द्यायच्या नाहीत.

पूजा उत्तम झाली. सगळ्यांनी सांगितलं. त्या वर्षी माझ्या पोळ्या मऊसूत झाल्या होत्या. सासूबाईंनी एक पोळी मोडून बघितली, हसल्या आणि म्हणाल्या, "कुसुमला दाखवायला पाहिजे होती ही. तिचं तोंड बंद झालं असतं." माझ्या हातात तुपाची वाटी होती. मी त्यांच्या पानात तूप वाढत राहिले, वाढतच राहिले, शेवटी त्याच म्हणाल्या, "पुरे, पुरे, बुडवतेस का मला?" त्या वेळी घड्याळात दोन वाजून गेले होते. पुढे मला कळलं की बैतूलला त्या लोकांनी चारपर्यंत वाट पाहिली, निदान दादा तरी येईल म्हणून. आमच्याकडे तेव्हा तिसरी पंगत बसली होती, आणि मी सगळ्यांना आग्रह करत होते.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी महालक्ष्म्यांवर अक्षता टाकल्या, मुखवटे उतरवले. ते पेटीत ठेवून मी सासूबाईंजवळ येऊन बसले. विलासही होते. म्हटलं, "आई, आत्ता अनिलचा फोन आला होता. मावशी गेल्या. काल रात्री. सकाळी उरकलंसुद्धा. आपला फोन लागत नव्हता म्हणे."

मांडीवरच्या वातींचा डबा सासूबाईंनी बंद केला, झाकण दोनदा दाबून बघितलं. मग म्हणाल्या, "बादली भर. गिझर नको."

मी बादली भरली. त्या पाटावर बसल्या. "पाणी तू घाल. माझे हात वर होत नाहीत." मी तांब्या भरला नि त्यांच्या डोक्यावर ओतला. नर्मदेचं पाणी, त्यांनी सात नावं घेतली नाहीत. विरळ पांढरे केस कपाळाला चिकटले. दुसरा तांब्या. तिसरा. त्या दोन्ही हातांनी चेहरा निपटत म्हणाल्या, "चला. परगावी दिलेली बहीण. आपल्याला नुसती आंघोळ."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. "म्हणजे? सुतक नाही?"

"कसलं सुतक? आपल्यात नाही मानत ते. ती त्या घरची, मी या घरची. काल ऐन पूजेत कळलं असतं तरी काय! पाणी घेतलं असतं नि नैवेद्य दाखवला असता."

म्हणजे काहीही अडलं नसतं. पुरण गाईला गेलं नसतं, मुखवटे पेटीत परत गेले नसते, चाळीस माणसं जेवली असती. सात वाजता मी त्यांच्यापुढे जाऊन एक वाक्य बोलले असते, तर त्यांनी दोन तांबे अंगावर घेतले असते आणि विलासनी त्यांना नऊच्या गाडीत बसवलं असतं. मी घरात होतेच की, माझीच तर पूजा होती! दीडच्या सुमाराला त्या बहिणीजवळ असत्या. पुण्याचं अर्धवट ऐकलेलं आणि नागपूरचं अर्धवट बघितलेलं, असं दोन्हीकडचं शहाणपण एकत्र करून मी एका बाईला तिच्या बहिणीचं शेवटचं तोंड बघू दिलं नाही. आणि नियमाला लागत काय होतं? एक बादली पाणी.

मी तांब्या बादलीत सोडला. सासूबाईंनी मान वर करून माझ्याकडे बघितलं. जरा जास्तच वेळ बघितलं.

"काल तू डोक्यावरून न्हाली होतीस, नाही का? अंबील सांडली म्हणून."

"हो."

"हं," त्या म्हणाल्या. "पंचा दे."

दोन दिवसांनी अनिलचा लँडलाइनवर फोन आला. विलासना असल्या वेळी बोलायला शब्द सुचत नाहीत, त्यांनी आईंनाच पुढे केलं आणि ऑफिसला निघून गेले. मी दारात कोथिंबिरीची जुडी घेऊन उभी. अनिल मोठ्याने बोलत असावा, सासूबाईंना ऐकू जावं म्हणून, पण मला त्यांचीच बाजू ऐकू येत होती. "हो रे बाळा." मग बराच वेळ काही नाही. मग त्यांनी वळून माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, आता. आता ही बाई मला उभी चिरणार, आणि चिरलंच पाहिजे.

"हो ना रे," त्या फोनमध्ये म्हणाल्या, "पायच सुजले होते. उठवतच नव्हतं. तू वाट बघितलीस ना? चारपर्यंत? ... हो. नाही जमलं मला."

फोन ठेवला. मी म्हटलं, "आई, मी..." त्या म्हणाल्या, "दूध बघ आधी, उतू जाईल." आणि माझ्या हातातली जुडी घेऊन निवडायला बसल्या.

ज्या बाईने आयुष्यभर हंड्याला चुकून लागलेलं बोटसुद्धा कबूल करायला लावलं, ती माझ्यासाठी आपल्या मेलेल्या बहिणीच्या मुलाशी खोटं बोलली. एवढ्यावर थांबल्या असत्या तर एक वेळ ठीक होतं. त्या दिवसापासून त्या भिंतीला धरून चालायला लागल्या. विलास तेराव्याला बैतूलला निघाले, तर म्हणाल्या, "माझे पाय बघ आधी, मला असं टाकून कुठे जातोस?" ते गेले असते तर अनिलशी दोन वाक्यांत सगळं उघडं पडलं असतं. विलासनी त्यांना डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. त्या गोळ्या त्या रोज घ्यायच्या, माझ्यासमोर, पाण्याबरोबर.

मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मी वाटच बघत होते. कधी भांडण निघालं की मी मुद्दाम उलट बोलायची, म्हणजे रागाच्या भरात तरी त्या ते काढतील. नाही काढलं. उलट पुढच्या वर्षी महालक्ष्म्यांच्या वेळी म्हणाल्या, "तूच कर. तुझ्या हाताला चांगलं होतं." हे वाक्य त्या चांगल्या मनाने बोलल्या की कसं, हे मला आजवर ठरवता आलेलं नाही.

शेवटची दोन वर्षं मीच त्यांना आंघोळ घालायची. प्लास्टिकच्या स्टुलावर बसवायची आणि पाठीवरून कोमट पाणी सोडायची. त्यांचा खांदा माझ्या तळव्यात मावायचा, इतक्या वाळल्या होत्या. एकदा मी म्हटलं, "आई, तुम्हाला इतकं पाणी कशाला लागायचं हो? मळ तर साबणाने जातो."

"मळासाठी नसतंच ते," त्या म्हणाल्या. "आमच्या घरात चौदा माणसं. सासरे, दीर, सगळे. बाईमाणसाला रडायला जागा कुठे होती? माहेरचं कोणी गेलं तर सासरी डोळ्यातून पाणी काढायचं नाही. मग आंघोळ करायची. न्हाणीचं दार लावता यायचं ना. डोक्यावरून पाणी घेतलं की कोणतं नळाचं नि कोणतं आपलं, कोणाला कळतं? बाहेर आलं की डोळे लाल, तर म्हणायचं साबण गेला." आणि हसल्या.

आमच्या आधीच्या बायकांनी त्या नियमात स्वतःसाठी दार लावायची सोय करून घेतली होती, आणि मी इतकी वर्षं त्या दोन तांब्यांना हसत आले होते. सासूबाईंना त्यांची ती आंघोळ मी पस्तीस तास उशिरा दिली. तीही दार उघडं ठेवून, मी समोर उभी राहून. रडायच्या तरी कशा त्या? हे सगळं मला त्या वेळी बोलता आलं असतं. न्हाणीत आम्ही दोघीच होतो. मी म्हटलं, "मान जरा पुढे करा," आणि कानामागे साबण लावला.

चार वर्षांपूर्वी सासूबाई गेल्या. मी स्वतः अनिलला फोन केला. म्हटलं, "अनिल, आई गेल्या रे. आम्ही दुपारपर्यंत थांबतो."

तो म्हणाला, "वहिनी, मला बरं नाही. पाय सुजलेत. प्रवास झेपायचा नाही. तुम्ही उरकून घ्या."

शब्दन् शब्द माझाच. मी फोन ठेवला आणि विलासना सांगितलं, तो येत नाही. विलासना फार लागलं ते. "आईने त्याला अंगाखांद्यावर खेळवलं," म्हणाले, "आणि खांदा द्यायला आला नाही. माझ्यापुरतं बैतूल संपलं." तेव्हापासून ते अनिलचं नाव घेत नाहीत. मी काय म्हणाले? मी म्हटलं, "जाऊ द्या हो." फक्त तेवढंच.

आणि आता या वर्षी असं झालं की अनिलची मुलगी इथे आली. आमच्या शेजारच्या मोठ्या हॉस्पिटलात नर्स म्हणून लागली आहे, तिथल्याच हॉस्टेलात राहते. घरापासून चालत दहा मिनिटं. शुक्लाकाकू तिथे तपासायला गेल्या तेव्हा तिच्याशी बोलणं झालं, त्यांनीच मला सांगितलं. परवा भाजीच्या ठेल्यावर ती मला दिसली. मी तिला लहानपणी एकदाच पाहिली होती, पण ओळखलीच. कपाळ, भुवया, मान तिरपी करून भाव विचारायची तऱ्हा, सगळी कुसुममावशींची. "भैया, ये तो कल की है," म्हणून ती पालकाची जुडी परत टाकत होती. एकट्या माणसाची भाजी, पावशेर हे, पावशेर ते. मी तिच्याशी बोलले नाही. ठेल्याच्या मागून वळून घरी आले.

रात्रभर नाही म्हणवत, पण झोप नीट लागली नाही. सकाळी चहा पिताना विलास महालक्ष्म्यांच्या जेवणाची यादी करत होते, कोणाकोणाला बोलवायचं ती. मी म्हटलं, "अनिलच्या मुलीला बोलवायचं का?"

"नाही."

"पोरीचा काय दोष?"

"तिच्या बापाला विचार दोष कोणाचा ते."

मग मी सांगितलं. कप तसाच हातात धरून, भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत, सगळं. सात वाजताचा फोन, बाल्कनी, अंबील, नऊची चुकवलेली गाडी, सगळं. विलासनी पेन खाली ठेवलं आणि विचारलं, "आईचे पाय?"

"काही झालं नव्हतं पायांना."

"मी तिला सहा महिने गोळ्या दिल्या."

"हो."

ते उठले. मला वाटलं बाहेर निघून जातील. त्यांनी चष्मा लावला, माझा मोबाइल टेबलावरून घेतला, त्यात अनिलचा नंबर शोधला, लावला आणि फोन माझ्या हातात दिला. "मला नको सांगूस," म्हणाले. "त्याला सांग." आणि तिथेच बसून राहिले.

अनिलने उचलला. "बोला वहिनी," म्हणाला, कोरडेपणाने. मी त्यालाही सगळं सांगितलं. दुसऱ्यांदा सांगणं सोपं जाईल असं वाटलं होतं, तसं झालं नाही. मधे माझा आवाज फुटला तेव्हा मी थांबले नाही, तसंच बोलत राहिले, कारण थांबले असते तर तो माझी समजूत घालायला लागला असता. मी म्हटलं, "तुझ्या मावशीची वाट तू चारपर्यंत बघितलीस, आणि तिला कळलंच नव्हतं रे. मी कळू दिलं नाही. आणि नंतर कळलं तरी ती मला सांभाळून घेत राहिली. तू दहा वर्षं तिच्यावर रागावलास. माझ्यावर रागवायचं होतंस."

पलीकडे प्रेशर कुकरची शिटी झाली.

"वहिनी," तो म्हणाला, "मावशी गेली त्या दिवशी तुमचा फोन आला ना, तेव्हा बायको म्हणाली, आंघोळ तरी करा. मी नाही म्हटलं. म्हटलं, ती कुठे आली होती माझ्या आईसाठी? तसाच डबा घेऊन ऑफिसला गेलो." कुकरची दुसरी शिटी झाली. "मी तिच्या नावाचं तांब्याभर पाणीसुद्धा अंगावर घेतलं नाही, वहिनी."